घड्याळाच्या शोरूमची मुलाखत आहे, साडीच्या गादीवरचा अनुभव धरतात का?

सेलूकर_२३ | रविवार, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलीय, सांभाळून घ्या.

मी सेलूचा. बी.कॉम. झालंय, वय २३. तीन वर्षं झाली, परभणीत एका कापड दुकानात साडी काउंटरला आहे. आधी खाली सुती अन् सिंथेटिकला होतो. दीड वर्षापासून मालकानं वर पैठणी-शालूच्या गादीवर बसवलंय. पगार साडेअकरा हजार, रोख हातात, दिवाळीला एक पगार जास्तीचा. लग्नसराईत सकाळी दहाला आलो की रात्री दहालाच सुटका.

मावसभावाच्या मित्रानं पुण्याची एक जाहिरात पाठवली. परदेशी घड्याळांचं शोरूम आहे, 'क्लायंट अ‍ॅडव्हायझर' पाहिजे. खाली बारीक अक्षरात 'लक्झरी रिटेलचा अनुभव असल्यास प्राधान्य'. रात्री दोन वाजता काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, अर्ज टाकून मोकळा झालो. काल त्यांचा फोन आला. मॅडम सगळं इंग्रजीत बोलल्या. मी चार वेळा 'येस मॅडम' म्हणलो, तेवढंच. बुधवारी व्हिडिओवर मुलाखत, जमली तर पुण्याला बोलावणार म्हणे.

आता रात्रीची झोप गेलीय. सॅलरी स्लिप नावाची गोष्ट मी बघितलेली नाही. मित्र म्हणतो, 'साडी दुकान' लिहूच नको, 'प्रीमियम अपॅरल शोरूम' लिही अन् पगार बावीस हजार सांग. इंग्रजी वाचतो, समजतं, पण बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटते. उंची पाच फूट चार, दिसायला काळासावळा. मॉलमधले ते लोक बघितलेत, सगळे जाहिरातीतून उतरल्यासारखे दिसतात. आणि खरं सांगायचं तर बाराशे रुपयांच्या वरचं घड्याळ मी हातात धरलेलं नाही.

आणखी एक. दुसऱ्या एका कन्सल्टंटचा फोन आला होता. मुंबईत बॅगांच्या मोठ्या ब्रँडमध्ये लावून देतो, साडेआठ हजार रजिस्ट्रेशन भरा म्हणाला. भरावेत का?

कुणी या लाइनमध्ये असाल तर खरं खरं सांगा. मालकाला अजून काही बोललेलो नाही.

गंजगोलाई | सोमवार, सकाळी ७.१०

कन्सल्टंटचं आधी. एक रुपया भरू नको. कंपनीला माणूस पाहिजे असतो तेव्हा कन्सल्टंटचे पैसे कंपनी देते, पोरगा नाही देत. माझ्या भाच्यानं असेच सहा हजार घातले. 'ट्रेनिंग किट' म्हणून एक लाल टाय आणि झेरॉक्सचं पुस्तक आलं, त्यानंतर नंबर बंद. टाय बरी आहे, लग्नात घालतो.

बाकी लाइनमधलं मला कळत नाही. माहितगार बोलतील.

योगेश्वरीच्या_गावची | सोमवार, दुपारी ३.२५

भाऊ, तुझं वाचून हसूही आलं आणि पोटात कालवलंही. मी अंबाजोगाईची. लातूरला सराफ्यात एका पेढीवर चार वर्षं, मग संभाजीनगरला, तेव्हा औरंगाबादच म्हणायचो, दागिन्यांच्या एका चेन-शोरूममध्ये दोन वर्षं, आणि तिथून मुंबई. लोअर परळला स्विस घड्याळांच्या बुटिकमध्ये सात वर्षं काढली. आता परत संभाजीनगरला आहे आणि नवी माणसं निवडायचं काम माझ्याकडं असतं. शोरूमला आहे म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुकड्यातुकड्यात येईल.

खोट्याचं पहिलं सांगते. मित्राचं ऐकू नकोस. एवढ्या किमतीच्या मालापाशी माणूस उभा करायचा म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतंच. एजन्सीवाला तुझ्या मालकाला फोन लावणार आणि तुझे मालक म्हणणार, 'कसलं अपॅरल? आमचं कापड दुकान आहे.' झालं, संपलं. मग तू कितीही चांगला असलास तरी कुणी घेणार नाही, कारण प्रश्न साडीचा राहत नाही. पगार रोख मिळतो, स्लिप नाही, हे सरळ सांग. मालकांकडून लेटरहेडवर दोन ओळी घे, कधीपासून आहे आणि कोणत्या काउंटरला. माझ्या लातूरच्या शेटजींनी ते पत्र द्यायला तीन आठवडे घेतले आणि दिलं ते अशा अक्षरात की 'सदर मुलगी प्रामाणिक असून' याच्या पुढचं आजवर कुणाला वाचता आलेलं नाही. चाललं ते.

आता गादीचं. माझ्या मुंबईच्या मुलाखतीत मॅनेजरनं माझ्यापुढं मखमलीचा ट्रे सरकवला, त्यात तीन घड्याळं, आणि म्हणाला, मधलं मला दाखवा. माझं इंग्रजी तोपर्यंत संपून गेलेलं. मी मधलं घड्याळ दोन्ही हातांनी उचललं, डायल त्याच्याकडं केली, मोकळ्या मखमलीवर ठेवलं आणि हात मागं घेतले. त्यानं हात पुढं केला होता, पण मी हातात दिलं नाही. सराफ्यात पहिल्या दिवशी शिकवतात की वस्तू हातात द्यायची नाही, गादीवर ठेवायची, गिऱ्हाइकानं उचलायची. हातातून हातात देताना पडली तर कुणाची चूक, यावर भांडण नको. आणि तो घड्याळ बघत असताना माझी नजर बाकीच्या दोनांवर होती. ही सवयच. शेटजी म्हणायचे, बोल गिऱ्हाइकाशी, मोज ट्रेला. मॅनेजरनं विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हणाले, लातूर सराफा. त्यानं पुढं फारसं काही विचारलंच नाही.

तुझ्याकडं हे नाही असं समजू नकोस. पैठणीची घडी तू कशी मोडतोस? फेकत नसशील. आधी पदर काढतोस, मग काठ उलटा करून मागची बाजू दाखवतोस, कारण हातमागाच्या खऱ्या पैठणीत विणकाम मागूनही जवळजवळ पुढच्यासारखंच दिसतं आणि यंत्राच्या मालात मागं धागे लोंबतात. गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी तू त्याला बघायला शिकवतोस. आणि बारा साड्या मोडून बाई 'बघून येते' म्हणून गेली की कपाळाला आठी न घालता परत घड्या घालतोस. हे शेवटचं मी मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोरांना वर्ष वर्ष शिकवलं, तरी जमत नाही काहींना. मुलाखतीत 'तुम्हाला माहीत असलेली एखादी वस्तू मला विका' असं म्हणाले तर पेन-बिन विकत बसू नकोस. पैठणी वीक.

काही गोष्टी मात्र गादीवरच सोडून ये. 'बजेट किती?', 'कोणत्या रेंजमधलं दाखवू?' हे शब्द जिभेवरून पुसून टाक. कुणासाठी, कशासाठी, रोज घालणार का सणावाराला, आत्ता हातात काय घालता, एवढं विचारलं की रेंज आपोआप कळते. 'फक्त' म्हणायचं नाही. फक्त साडेचार लाख असं कुणी म्हणत नाही. 'स्वस्तातलं' हा शब्द तर नाहीच. आणि किंमत सांगितली की तोंड बंद. आपल्याला सवय असते, भाव सांगितला की लगेच 'घ्या ना, कमी करून देतो' म्हणायची. मी किंमत सांगून मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. सुरुवातीला सातलाच फुटायचे.

इंग्रजीची भीती सगळ्यांना असते, म्हणून मी तुला वेगळं सांगते, आधी हिंदी नीट कर. आपल्याकडची हिंदी म्हणजे 'मेरेकू', 'उसकू', 'नक्को', 'हौ'. निजामाच्या राज्यातून आलेली, गोड आहे, मला आवडते. पण पहिल्याच आठवड्यात मी एका बाईंना 'ये वाला नक्को क्या आपकू?' म्हणाले आणि मागं दोघं जण स्टॉकरूममध्ये जाऊन हसून आले. मुंबई-पुण्यात निम्म्याहून जास्त बोलणं हिंदीतच होतं, मारवाडी-गुजराती गिऱ्हाईक तर हटकून. इंग्रजीची मला पंचवीस-तीस वाक्यं लागली. स्वागताची, थांबा म्हणायची, वॉरंटीची, माफी मागायची. ती आरशासमोर पाठ केली. पुढचं हळूहळू येत गेलं.

उंची-रंगाचं मनातून काढ. आम्ही नखं बघतो. खरंच. घड्याळ दाखवताना गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर तुझा चेहरा अर्धा मिनिट असतो, हात पंधरा मिनिटं.

गिऱ्हाईक आलं. उरलेलं रात्री.

जालना_रोड | सोमवार, रात्री ९.०५

ताईंचं सगळं खरं, पण भाड्याचं कुणी बोलायचं?

मीही गेलो होतो, मुंबईला, कपड्यांचा परदेशी ब्रँड. मॉल रात्री दहाला बंद, मग हिशोब, मग स्टॉक, मग लोकल. दिव्याला एका खोलीत आम्ही पाच जण. दिवसभर एसीत दीड लाखाच्या जॅकेटवरची धूळ झटकायची आणि रात्री पाण्याच्या बादलीला नंबर लावायचा. दोन वर्षांनी डोकं फिरलं अन् देवगिरी एक्सप्रेस पकडून परत आलो. आता संभाजीनगरला गाड्या विकतो, मोठ्या.

माझं म्हणणं एवढंच की लक्झरी म्हणलं की मुंबई-पुणेच का? ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, जवळपास ६५ कोटींच्या. देशभर बातम्या झाल्या. मी तेव्हा कॉलेजला होतो, क्रांती चौकात उभं राहून बघत होतो. म्हणजे पैसा इथं नाही असं नाही. फक्त घड्याळ अन् बॅग माणूस मुंबईला जाऊन घेतो, गाडी इथंच घेतो. गाडीला सर्व्हिसिंग लागतं, दर वेळी ती घेऊन कोण मुंबईला जाईल?

नांदेड, लातूर, संभाजीनगरला दागिन्यांची चेन-शोरूम आता भरपूर झालीत. तिथं दोन वर्षं काढ, पीएफ, स्लिप, सगळं रीतसर होईल, घरचं जेवण मिळेल. मग जा कुठं जायचं ते. एकदम पुण्याची उडी कशाला?

आणि जाशीलच तर पगार विचारताना हे विचार: हातात किती? इन्सेंटिव्ह महिन्याचं का तिमाहीचं? एकट्याच्या विक्रीवर का सगळ्या दुकानाच्या टार्गेटवर? मी हे विचारलं नव्हतं. पहिल्या तिमाहीत माझं टार्गेट झालं, दुकानाचं नाही झालं, मला भोपळा.

सेलूकर_२३ | सोमवार, रात्री १०.३०

ताई, दादा, काय बोलू, लई आभार. ताई, तुमचं ते दहा मोजायचं आज दुपारी करून बघितलं. भाव सांगितला अन् गप्प बसलो. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मालक गल्ल्यावरून ओरडले, 'काय झोपलास का रे?'

दादा, दागिन्यांच्या शोरूमचा विचार मी पण करायलोय, पण बुधवार तर दोन दिवसांवर आलाय. मुलाखतीत घड्याळाचं काही विचारलं तर? मला काहीच येत नाही. अन् आमच्याकडं गिऱ्हाईक रोख घेऊन येतं, पिशवीतून. तिकडं काय असतं?

योगेश्वरीच्या_गावची | सोमवार, रात्री ११.४८

जालना_रोड दादा, भाड्याचं अगदी खरं. मी पहिले आठ महिने घाटकोपरला पाच जणींत होते. आणि तुमच्या इन्सेंटिव्हच्या प्रश्नांवर मी काही वाढवणार नाही, तेवढेच विचारायचे असतात. पण पोराला फोन पुण्याहून आलाय, त्याला तो देऊ द्या. नाही जमलं तर शोरूम आहेतच आपली.

भाऊ, रोखीचं नीट वाच, हे मी स्वतः मुलाखतीत विचारते. २ लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही. एका माणसाकडून, एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी. आपल्याकडचं गिऱ्हाईक लगेच म्हणतं, दोन बिलं करा, एक माझ्या नावानं, एक उद्याच्या तारखेनं. वस्तू एक, व्यवहार एक, तर तुकडे करूनही चालत नाही. आणि यात दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो, जेवढी रक्कम घेतली तेवढाच होऊ शकतो. शिवाय २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांच्या वरचं घड्याळ, हँडबॅग, गॉगल असलं काही विकलं की दुकानानं १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच घ्यायचा आयकर, गोळा करायचा असतो. तो गिऱ्हाइकाच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वजा मिळतो. हे वाक्य शांतपणे सांगता आलं पाहिजे, कारण माणूस आधी चिडतो, 'जीएसटी दिला ना, आता हे काय?' म्हणतो. मुलाखतीत 'रोख आणली तर काय कराल?' विचारलं तर 'मॅनेजरला विचारीन' हे उत्तर बरं आहे. 'नियमात बसत नाही, पण आपण कार्ड किंवा बँकेतून करू, मी बसून मदत करतो' हे चांगलं आहे.

आता एक माझी फजिती सांगते, ही कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळत नाही.

मुंबईत दुसरं वर्ष, दिवाळीच्या आधीचा आठवडा. एक जोडपं आलं. साधे, नीटनेटके, पन्नाशीचे. मी निळ्या डायलचं एक घड्याळ काढलं, त्यांनी मनगटावर ठेवलं आणि बायकोला हळूच विचारलं, 'लईच मोठं वाटायलंय का गं?' ते 'वाटायलंय' कानावर पडलं आणि मी विरघळले. दीड वर्षात त्या काचेच्या खोलीत असं कुणी बोललं नव्हतं. मी पटकन म्हणाले, 'तुम्ही आपल्याकडचे का? मी अंबाजोगाईची!'

त्यांचा हात होता तिथंच थांबला. मग घड्याळ काढून अगदी नीट मखमलीवर ठेवलं. 'नाही, आम्ही इकडंच असतो,' म्हणाले. बाईंनी पर्सची चेन लावली. पाचच मिनिटांत गेले. मी दारापर्यंत गेले, त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

मॅनेजर रागावला नाही. त्यानं फक्त विचारलं, किती वेळ थांबले, कशाला हात लावला, कधी उठले. मी सांगितलं. तो म्हणाला, 'म्हणजे तुमच्या प्रश्नानंतर.' मला रात्री लोकलमध्ये उलगडा झाला. आपल्याकडचा माणूस मुंबईला घड्याळ घ्यायला येतो तो अर्धा घड्याळासाठी आणि अर्धा कुणी बघू नये म्हणून. दुष्काळाच्या साली चार लाखांचं घड्याळ हातात दिसलं तर भावकीत काय बोलतील, सोसायटीत काय बोलतील, उसनं मागायला कोण येईल. आणि मी तिथं त्यांना अख्खं गावच आणून उभं केलं. ते परत कधी आले नाहीत. आता संभाजीनगरला तर हे रोजचंच आहे, शंभरातली साठ माणसं कुणाच्या तरी ओळखीची निघतात. मी ओळखलं तरी ओळख देत नाही. त्यांनी दिली तर घेते. घरी नवऱ्यालाही सांगत नाही कोण काय घेऊन गेलं.

म्हणून तुला तिथं परभणीचं कुणी भेटलं तर गप्प राहा. मनात आनंद कर.

घड्याळाचं काय वाचायचं ते उद्या लिहिते, डोळे मिटायलेत.

काटेवाला_नांदेड | मंगळवार, सकाळी ८.४०

ताईंनी झोप घ्यावी, घड्याळाचं मी सांगतो. वजिराबादला वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता मी बसतो.

सेलूकर, वाचत बसू नको. तुझ्या घरात किंवा शेजारी कुणाकडं तरी जुनं एचएमटी असणार. आजोबांचं, मास्तरांचं, कुणाचं तरी. 'जनता' मिळालं तर उत्तम, १७ ज्वेल म्हणजे आत बारीक १७ खडे, चावीचं. चावी दे, कानाला लाव. ते तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. सेकंदकाटा भिंग लावून बघ, एका सेकंदात पाच बारीक उड्या मारतो. तू जे विकायला जायलास त्यातली बरीचशी ऑटोमॅटिक २८,८०० ची, सेकंदाला ८, म्हणून काटा सरकल्यासारखा दिसतो. अन् सेलवाल्यात क्वार्ट्‌झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, पण काटा सेकंदाला एकच उडी मारतो. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की तुला पुस्तकातलं पाठ करायला नको. परभणीत कुणी जुना घड्याळजी असेल तर त्याला म्हण, मागचं झाकण उघडून बॅलन्स व्हील, ते मागंपुढं डोलणारं चाक, दाखवा. चहा पाज, दाखवील.

गिऱ्हाईक हमखास विचारतं: सहा लाखांचं घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढं जातं, माझं सहाशेचं बरोबर चालतं, असं कसं? उत्तर: स्विस क्रोनोमीटरची, म्हणजे अचूक चालीची, जी परीक्षा आहे तिच्यात दिवसाला सरासरी ४ सेकंद मागं ते ६ सेकंद पुढं एवढी मुभा आहे. ते स्प्रिंगवर, मनगटाच्या हालचालीवर चालतं. सेलवालं बरोबरच चालणार. बरोबर वेळ पाहिजे असेल तर मोबाइल आहे की. हे वाक्य मात्र तिथं बोलू नको.

काचेचं: सॅफायर काच कडकपणाच्या मोजपट्टीवर दहापैकी ९, हिरा १०. ओरखडा सहसा पडत नाही, पण आपटली तर फुटते. अन् डायलवर ३० मीटर लिहिलंय म्हणून कुणी विहिरीत उडी मारू नये. तेवढं पावसाच्या शिंतोड्यांपुरतं. पोहायला १०० तरी पाहिजे. माझ्याकडं दर उन्हाळ्यात गोदावरीत बुडवून आणलेली तीन-चार तरी येतात.

सेलूकर_२३ | गुरुवार, रात्री ११.१५

झाली मुलाखत. सांगतो.

एचएमटी मिळालं, शेजारच्या काकांचं. चावी देऊन दोन दिवस उशाशी ठेवलं. पाच उड्या दिसल्या.

कालच्या मुलाखतीत मॅडम अन् एक सर होते. पहिली दोन मिनिटं इंग्रजी, मी पाठ केलेलं बोललो, मग सरांनी विचारलं हिंदी चालेल का. ताई, एकदा 'मेरेकू' निघालंच. लगेच 'मुझे' केलं. सरांच्या लक्षात आलं बहुतेक, हसले. अनुभव विचारला तर सरळ सांगितलं, साडीचं दुकान, पगार साडेअकरा, रोख. मॅडमनी लिहून घेतलं, चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मग खरंच म्हणाले, काहीतरी विकून दाखवा. मी आईचा लग्नातला शालू ट्रंकेतून काढून शेजारीच ठेवला होता. पैठणी घरात कुठून येणार. आधी रुमालाला हात पुसले अन् मग घडी मोडली. मोबाइल एका डब्याला टेकवून ठेवलेला, तो घसरला, मी एका हातानं शालू अन् एका हातानं मोबाइल धरला. सर म्हणाले, 'मोबाइल पडू दिला असता तरी चाललं असतं.' मी म्हणलो, 'सर, मोबाइल मित्राचा आहे.' यावर दोघंही हसले. चांगलं का वाईट माहीत नाही.

किंमत विचारली. मी म्हणलो, हा विकायचा नाही, आईचा आहे, पण असा आज घ्यायचा तर अमुक पडेल. अन् गप्प बसलो. आई दारामागं उभी होती, ती म्हणाली, 'एवढ्याचा?' ते सगळ्यांना ऐकू गेलं.

रोखीचंही विचारलं. ते मात्र घडाघडा आलं.

आज दुपारी मेल आला. येत्या मंगळवारी पुण्याला बोलावलंय, दिवसभर. सकाळी मुलाखत, दुपारी फ्लोअरवर उभं राहून बघायचं म्हणे. नोकरी पक्की असं कुठं लिहिलेलं नाही. मालकाला आज सांगितलं. दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले पत्र उद्या घेऊन जा, पण लग्नसराई संपेपर्यंत जायचं नाही. आता ते एक सोडवायचंय.

ताई, घालू काय? काळी पँट आहे, पांढरा शर्ट आहे. बूट नाहीत, सँडलवरच असतो. गादीवर बसताना काढूनच ठेवायचे असतात.

योगेश्वरीच्या_गावची | शुक्रवार, सकाळी ६.५०

आईंना माझा नमस्कार सांग. 'एवढ्याचा?' हे मी आज शोरूममध्ये सगळ्यांना सांगणार आहे.

मालकांना पुण्याच्या लोकांनी किती दिवसांत हजर व्हायला सांगितलं ते कळल्याशिवाय शब्द देऊ नकोस. महिन्याची मुदत बहुतेक ठिकाणी मिळते, मागायची लाज वाटू देऊ नको. उलट आधीच्या मालकाला अर्ध्यात सोडून आला नाही हे आम्हाला बरंच वाटतं.

शर्ट पांढराच, कॉलर आतून पिवळी पडलेली नको, नाहीतर नवा घे. अत्तर-सेंट काही मारू नको. मनगट मोकळं ठेव, काकांचं एचएमटी घालून गेलास तरी चालेल, पण विचारलं तर कुणाचं ते सांग. काळे बूट, लेसचे, चामड्याचे, साधे. आजच घे. आणि घेतलेस की दुकानात रोज घालून उभा राहा, गादीवर बसू नको, मालकांना सांग चार दिवस. पुण्याला सहा-सात तास उभं राहायचंय आणि नवा बूट तिसऱ्या तासाला टाचेला चावतो. एक पट्टी खिशात ठेव.

अर्धा नंबर मोठा घे. संध्याकाळी माप दे, सकाळी नको, दिवसभर उभं राहिलं की पाय सुजतो.